अंडी सुधारायचा कोर्स

मागच्या महिन्यात आमच्या रेडिओच्या फोनवर एका बचत गटाच्या अध्यक्षताईंचा फोन आला. त्यांची अडचण आरोग्याची नव्हती, कर्जाची होती. गटातल्या एका बाईंनी ४० हजार रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं होतं आणि अर्जात कारण लिहिलं होतं ‘घरगुती’. एवढ्या रकमेला नुसतं घरगुती चालत नाही, म्हणून अध्यक्षताईंनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. तेव्हा बाईंनी सांगितलं. वय ३९. दुसरेपणावर लग्न झालेलं, त्याला चार वर्षं झाली. दिवस जात नाहीत. शहरातल्या एका सेंटरमध्ये रक्ताची एक तपासणी केली, आणि ‘तुमची अंडी खराब आहेत, तीन महिन्यांचा अंडी सुधारायचा कोर्स करा’ असं सांगण्यात आलं. पावडर, गोळ्या, दोन इंजेक्शनं. चाळीस हजार.

अध्यक्षताईंनी आम्हाला सरळ विचारलं, ‘असा कोर्स असतो का हो? आणि गटाने पैसे द्यावेत का?’

आम्ही म्हणालो, आठ दिवस द्या. मग सरकारी दवाखान्यात वीस वर्षं काम केलेल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना आम्ही स्टुडिओत बोलावलं आणि दोन भागांत कार्यक्रम केला. त्यानंतर इतके फोन आले की हे सगळं छापून द्या असा आग्रह झाला. तेव्हा त्या दोन भागांत जे बोललो तेच इथे लिहून काढतो आहोत.

आधी शब्दाचं बघू. डॉक्टर ‘अंडी’ म्हणतात, म्हणून एका वहिनींनी फोनवर विचारलं की गावरान अंडी रोज खाल्ली तर आतली अंडी सुधारतील का. आम्ही हसलो, पण त्यांचा दोष नाही, शब्दच तसा आहे. म्हणून इथे आम्ही ‘बीज’ म्हणणार. बाईच्या ओटीपोटात गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोष असतात. त्यातून साधारण दर महिन्याला एक बीज बाहेर पडतं, नळीत येतं, तिथे पुरुषबीज भेटलं तर गर्भ धरतो, नाही भेटलं तर चौदा दिवसांनी पाळी येते.

आता यातली एक गोष्ट आमच्यापैकी बहुतेकींना माहीत नव्हती. पुरुषाच्या शरीरात बीज रोज नवं तयार होतं, अगदी म्हातारपणापर्यंत. बाईचं तसं नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची जन्मभराची सगळी बीजं तयार होऊन बसलेली असतात. पोटात पाच महिन्यांची असताना साठ-सत्तर लाख. जन्मते तेव्हा दहा ते वीस लाख. न्हातीधुती होते तेव्हा तीन-चार लाख. पुढे एकही नवं तयार होत नाही. म्हणजे तुमच्या आजीच्या पोटात तुमची आई होती, तेव्हाच तुम्ही ज्या बिजापासून झालात ते बीज आईच्या पोटात होतं. हे ऐकून स्टुडिओतल्या आम्ही सगळ्या क्षणभर गप्पच झालो होतो.

आणि ही बीजं महिन्याला एक अशी खर्च होत नाहीत. दर महिन्याला त्यातली बरीच जागी होतात, वाढायला लागतात, एक पुढे जातं आणि बाकीची जिरून जातात. उभ्या आयुष्यात बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकी लाखो अशीच जातात. पाळी चालू असो, बाई गरोदर असो, गोळ्या खात असो, जिरणं थांबत नाही. म्हणून ‘दहा वर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या खाल्ल्या, म्हणजे तेवढी बीजं शिल्लक राहिली असतील’ हा हिशेब चुकीचा. आणि ‘गोळ्यांनी बीजं मेली’ हाही चुकीचा. नसबंदीचं ऑपरेशन झालं तर बीजं साचत नाहीत किंवा नासत नाहीत. नळीचा रस्ता बंद झालेला असतो, एवढंच. साधारण एक हजाराच्या आसपास बीजं उरली की पाळी जायची वेळ येते. आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, गोऱ्या लोकांच्या देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याला वेळ तसाही थोडा कमी आहे.

ही झाली संख्या. आता गुण.

तुम्ही शेतकरी बायका आहात, तुम्हाला उगवणशक्ती समजावून सांगायला नको. घरचं सोयाबीनचं बियाणं पेरायच्या आधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आणि किती मोड येतात ते बघतो. सत्तर आले तर पेरायचं. बियाणं जुनं झालं की दाणा वरून तसाच दिसतो, पण मोड कमी येतात. बिजाचंही काहीसं असंच आहे. आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, आईबापांकडून आलेली गुणांची पुडकी म्हणा. बिजात त्यातली निम्मी, २३ जावी लागतात. जन्मापासून ही पुडकी जोडीजोडीने बांधून ठेवलेली असतात. बीज बाहेर पडायच्या वेळी ती गाठ नेमकी सुटून समान वाटणी व्हावी लागते. वीस वर्षांच्या बाईच्या बिजात ही बांधणी वीस वर्षांची जुनी, चाळिशीच्या बाईच्या बिजात चाळीस वर्षांची. दोरा जीर्ण झाला की गाठ भलत्या वेळी सुटते आणि वाटणी चुकते. एखाद्या बिजात २२ जातात, एखाद्यात २४. असं बीज बहुतेक वेळा धरतच नाही. धरलं तर बरेचदा दोन-अडीच महिन्यांत पडून जातं. क्वचित टिकतं, आणि मग डाउन सिंड्रोमसारखा दोष घेऊन बाळ जन्मतं.

म्हणून वय वाढलं की तीन गोष्टी एकदम होतात. दिवस जायला वेळ लागतो, पडून जाण्याचं प्रमाण वाढतं, आणि बाळात दोषाची शक्यता वाढते. डॉक्टरबाईंनी दिलेले आकडे सांगतो. सगळं ठीक असेल तर तिशीच्या बाईला एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता शंभरात वीस असते. चाळिशीला ती शंभरात पाचाच्याही खाली येते. उतार साधारण बत्तिशीपासून सुरू होतो आणि सदतिशीनंतर घसरण होते. चाळिशीला धरलेल्या गर्भांपैकी तिसरा हिस्सा पडून जातो. डाउन सिंड्रोमचं बाळ पंचविशीच्या आईला साडेबाराशेत एक, चाळिशीच्या आईला शंभरात एक. हे शेवटचं दुसऱ्या बाजूनेही वाचा: शंभरातल्या नव्व्याण्णवांना तो दोष नसतो.

आणि जिचं पडून जातं तिला आपण काय म्हणतो? जड उचललंस, पपई खाल्लीस, एसटीने गेलीस, कुणाची नजर लागली. मैत्रिणींनो, चाळिशीच्या आतबाहेर सुरुवातीच्या महिन्यांत पडून जातं त्यातल्या बहुतेकांचं कारण ही चुकलेली वाटणी असते. ती बीज बाहेर पडायच्या वेळीच चुकलेली असते. तिने कळशी उचलली नसती तरी तेच झालं असतं. सासूबाईंनी हा परिच्छेद दोनदा वाचावा अशी आमची विनंती आहे.

मग कोर्सचं काय? चुकीची वाटणी दुरुस्त करणारं, जुन्या बिजाला नवं करणारं औषध आज जगात कुठेही नाही. मुंबईत नाही, अमेरिकेत नाही. कोएन्झाइम क्यू टेन नावाच्या गोळ्या देतात. उंदरांवर त्याचा चांगला गुण दिसला आहे, पण बायकांमध्ये त्याने हातात जिवंत बाळ येण्याचं प्रमाण वाढतं असं पक्कं ठरलेलं नाही. डीएचईए म्हणून एक गोळी असते. ती जीवनसत्त्वाची नाही, संप्रेरकाची आहे. तिने मुरुमं येतात, चेहऱ्यावर केस येऊ शकतात, आणि आपल्या मनाने ती कधीही घ्यायची नसते. बीजकोषात स्वतःचंच रक्त गाळून टोचण्याचा एक उपाय हल्ली जाहिरातीत दिसतो. तो अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, पैसे मात्र पूर्ण उपचाराचे घेतात. शतावरी दुधातून घेतली तर सहसा कुणाचं वाईट होत नाही, पण तिने चाळिशीचं बीज तिशीचं होत नाही. बिननावाच्या पुड्या आणि भस्मं मात्र नकोच. काही भस्मांत शिसं-पारा सापडलेला आहे, आणि तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. आणि ‘मुलगाच होईल’ म्हणून देतात ती पुडी तर घरात येऊ देऊ नका. मुलगा की मुलगी ते पुरुषबिजावर ठरतं, आणि तेही गर्भ धरतो त्याच क्षणी. नंतर खाल्लेल्या पुडीने ते बदलत नाही, बाळाला अपाय तेवढा होऊ शकतो.

इथे एका ताईंनी फोन करून आमच्याशी वाद घातला. म्हणाल्या, ‘तुम्ही तर बियाण्याचं उदाहरण दिलंत. मग बीजप्रक्रिया करतोच ना आपण?’ प्रश्न आम्हाला फार आवडला. करतो. पेरायच्या आधी रायझोबियम लावतो, ट्रायकोडर्मा लावतो. त्याने काय होतं? मेलेला दाणा जिवंत होत नाही. पण जिवंत दाण्याला बुरशी लागत नाही, मुळी जोमाने धरते. अगदी तेवढंच आपल्या हातात आहे, आणि ते थोडं नाही.

बीज जागं झाल्यापासून बाहेर पडेपर्यंतची शेवटची वाढ साधारण तीन महिने चालते. या तीन महिन्यांत ते ज्या रक्तावर पोसलं जातं ते रक्त चांगलं असावं. सेंटरवाले ‘तीन महिन्यांचा कोर्स’ म्हणतात तो आकडा इथूनच उचललेला आहे. फक्त या तीन महिन्यांत करायच्या बहुतेक गोष्टी फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत होणाऱ्या आहेत.

पहिली मिश्री. कडू वाटेल, पण आमच्यातल्याही दोघी लावत होत्या म्हणून सांगतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी इतरांपेक्षा वर्ष-दोन वर्षं आधी जाते. आपल्याकडे बायका ओढत कमी असतील, पण मिश्री, तंबाखू, गुटखा तोंडातून तेच निकोटीन रक्तात सोडतात. मुंबईत झालेल्या अभ्यासात असं तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं वजनाने कमी भरली होती. मिश्री एकदम सुटत नाही, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही. आमच्या एकीने आधी चार वेळची दोन वेळ केली, मग एक वेळ, मग भाजलेली बडीशेप. तिला दोन महिने लागले. नवरा घरात विड्या ओढत असेल तर त्याचा धूरही मोजायचा.

दुसरी गोष्ट रक्त आणि फोलिक ॲसिड. हिमोग्लोबिन उपकेंद्रात बघतात. फोलिक ॲसिडची गोळी दिवस राहिल्यावर नाही, राहायच्या आधीपासून घ्यायची असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा तर आपल्याला पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं. आशाताईंना सांगा की बाळासाठी प्रयत्न करते आहे. ही गोळी स्वस्त आहे आणि आरोग्य केंद्रात मिळते. आणि खाणं? डॉक्टरबाई म्हणाल्या, वेगळं काही नको, फक्त तुम्ही शेवटी जेवता ते बंद करा. घरात डाळ घट्ट असते ती पहिल्या पंगतीला, बाईच्या ताटात पाणी येतं. बाजरी, नाचणी, मटकी, शेंगदाणे, शेवग्याचा पाला, चालत असेल तर अंडी-मासे, वर लिंबू. जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने लोह लागत नाही. आठवड्याचे चार उपास करणाऱ्या ताईंनी हे तीन महिने तरी देवाकडे सवलत मागावी.

तिसरी गोष्ट तपासण्या. थायरॉइड, साखर, रक्तदाब. पस्तिशीनंतर या तिन्हींत बिघाड सापडण्याचं प्रमाण वाढतं. तिन्ही गोळ्यांनी आटोक्यात येतात, आणि तिन्ही तशाच ठेवल्या तर दिवस राहिले तरी टिकायला त्रास होतो. अंगाने फार सुकलेली आणि फार भरलेली, दोघींचंही बीज वेळेवर बाहेर पडत नाही. जिचं वजन जास्त आहे आणि पाळी दोन-दोन महिने येत नाही, तिने ८० किलोची ७५ किलो झाली तरी पाळी लायनीवर येऊ शकते. आणखी एक, आपल्या देशात विसरून चालत नाही असं: नळ्यांचा क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही, तरी आत क्षय असू शकतो आणि नळ्या बंद करतो. घरात कुणाला पूर्वी क्षय झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

फवारणीबद्दलही विचारलं गेलं. औषध हाताने कालवणं, फवारलेल्या रानात त्याच दिवशी खुरपायला जाणं, नवऱ्याचे फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुणं, हे बंद करा. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला हे सांगणं सोपं नाही हे आम्हाला कळतं. निदान गटातल्या बायकांनी एकमेकींच्या रानात तरी पाळावं.

आता वेळेचं. इथे पैसा एक लागत नाही आणि चूक सगळ्यात जास्त इथेच होते. बाहेर पडलेलं बीज बारा ते चोवीस तासच जगतं. पुरुषबीज मात्र बाईच्या अंगात पाच दिवसांपर्यंत टिकतं. म्हणून बीज बाहेर पडायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच सहा दिवस महिन्यातले कामाचे. ते कधी येतात? पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडतं. पाळी २८ दिवसांनी येत असेल तर चौदाव्या दिवशी. ३२ दिवसांनी येत असेल तर अठराव्या. आणि चाळिशीकडे जाताना बऱ्याच जणींची पाळी जवळ जवळ येऊ लागते, २४ दिवसांवर येते. मग बीज दहाव्या दिवशीच बाहेर पडतं, म्हणजे कामाचे दिवस पाचव्या दिवसापासून सुरू. आणि आपण मोजतो कसं? डोक्यावरून पाणी घेतलं तो पहिला दिवस धरतो. नाही. अंगावर लाल जायला लागलं तो पहिला दिवस. ही चार दिवसांची चूक झाली की महिना वाया गेला. पाळीची खात्री नसेल तर अंगावरच्या पांढऱ्या स्रावाकडे बघा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक, दोन बोटांत ताणला जाणारा झाला की दिवस जवळ आले. त्या दिवसांत एक दिवसाआड जवळ आलं तरी पुरतं. नवरा पुण्या-मुंबईला कामाला असेल आणि महिन्यातून एका रविवारी येत असेल, तर चार वर्षं ‘प्रयत्न’ केले असं आपण म्हणतो, पण खरे प्रयत्न चार महिन्यांचेही नसतात. तेव्हा कॅलेंडरवर खूण करा आणि रजा त्या तारखांना टाकायला सांगा.

नवऱ्यावरून आठवलं. मूल न होण्याच्या कारणांत निम्म्याच्या जवळपास ठिकाणी पुरुषातही काही ना काही दोष सापडतो. वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त, सुई टोचायची नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढंच. तरीसुद्धा बाईची सोनोग्राफी तीनदा होते, नळ्यांची तपासणी होते, आणि पुरुषाचा नमुना शेवटपर्यंत दिला जात नाही. का, ते आम्ही सांगायला नको. डॉक्टरबाईंचा नियम असा आहे की नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय त्या बाईला एकही महागडी तपासणी लिहून देत नाहीत. आम्हाला वाटतं हा नियम गावोगाव व्हावा. पुरुषबीज तयार व्हायलाही अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तेव्हा दारू-तंबाखू बंद करायचे तीन महिने दोघांचे. आधीच्या बायकोपासून मूल आहे म्हणजे आजही सगळं ठीक असेल असंही धरून चालू नका.

ज्या तपासणीवरून त्या बाईंना ‘अंडी खराब’ सांगितलं ती एएमएच नावाची होती. या तपासणीतून कणगीत दाणे साधारण किती उरलेत त्याचा अंदाज येतो. दाणे कसे आहेत ते तिच्यातून अजिबात कळत नाही. ती कमी आली म्हणून आपोआप दिवस राहणार नाहीत असंही नाही. बिजाचा गुण सांगणारी रक्ताची तपासणीच नाही. वय हाच त्याचा सगळ्यात चांगला अंदाज. म्हणजे त्या बाईंना वय विचारूनही जेवढं कळलं असतं तेवढ्यासाठी त्यांनी हजार-दीड हजार दिले, आणि वर भीती विकत आणली.

मग कधी थांबायचं आणि डॉक्टरकडे कधी जायचं? पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर नीट दिवस साधून बघा. पस्तिशीनंतर सहा महिने. चाळिशी झाली असेल तर थांबूच नका, लगेच जा. आधी ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्ह्याचं सिव्हिल. नवस, अंगारा, कुलदैवत यांना आमचा विरोध नाही, पण सदतिशीनंतर एकेक वर्ष महाग असतं. ते वर्ष पायऱ्या चढण्यात घालवू नका.

टेस्ट ट्यूब बेबीबद्दल खूप फोन आले. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून असं बाळ जन्मलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तंत्र चांगलं आहे. नळ्या बंद असतील, पुरुषबीज कमी असेल तर उपयोगी पडतं. पण वयावर तो तोडगा नाही. त्यात इंजेक्शनं देऊन त्या महिन्यात जी बीजं जिरून जाणार होती तीही वाढवून घेतात. बीजं तीच, त्यांचं वय तेच. (त्याने पाळी लवकर जात नाही, ही भीती काढून टाका.) चाळिशीनंतर स्वतःच्या बिजावर एका खेपेला दहांत एखादीलाच बाळ हातात येतं, त्रेचाळिशीनंतर त्याहूनही फार कमी. खर्च लाखांत. मग पेपरात येतं ते काय? २०१९ साली आंध्रात सत्तरी ओलांडलेल्या बाईंना जुळं झालं ही बातमी सगळ्यांनी वाचली. ते बीज दुसऱ्या तरुण बाईने दिलेलं होतं. पिशवी वयाने एवढी म्हातारी होत नाही, बीज होतं. बातमीच्या मथळ्यात हे नसतं, आणि पंचेचाळिशीची बाई वाचून म्हणते, मला अजून वेळ आहे.

२०२१ साली यावर कायदा झाला. आता अशा उपचारासाठी बाई २१च्या वर आणि ५०च्या आत, पुरुष ५५च्या आत असावा लागतो. सेंटरची नोंदणी हवी, तिचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं हवं. जाल तेव्हा ते बघा, नसेल तर परत फिरा. बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची हवी आणि तिला जन्मात एकदाच बीज देता येतं. बीज विकणं-विकत घेणं गुन्हा आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पैशाची नड असलेल्या बायकांना ‘दहा दिवस इंजेक्शनं घ्या, रोख घेऊन जा’ म्हणणारे एजंट फिरतात. तुमच्या गटात कुणी असं बोललं तर उठवून लावा.

पिशवीचा विषय निघाला म्हणून एक. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवी काढताना बीजकोष ठेवले तरी त्यांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो आणि ते लवकर थकतात. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं एवढ्यावर कुणी ‘काढून टाका’ म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका, मूल हवं असो वा नसो.

उलट्या बाजूचंही सांगायला हवं. पाळी मागेपुढे होते, चाळिशी झाली, आता काय राहतंय, म्हणून साधन सोडून देणाऱ्या बायका आमच्याकडेच दोन आहेत, आणि दोघींनाही दिवस राहिले. शक्यता कमी म्हणजे शून्य नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची.

आणि राहिलेच दिवस, हवेहवेसे, तर पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी होते, त्यात डाउन सिंड्रोमची शक्यता कळते. पाचव्या महिन्याची सोनोग्राफीही चुकवू नका. वाढत्या वयात गरोदरपणात साखर आणि रक्तदाब चढतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना तपासतात, तिथे वय लपवू नका. पस्तिशीच्या पुढे बाळंतपण घरी नाही, उपकेंद्रातही नाही, जिथे ऑपरेशनची सोय आहे तिथेच.

दत्तकाबद्दल डॉक्टरबाईंनी शेवटी दोनच वाक्यं सांगितली, तेवढीच इथे देतो. नोंदणी ‘कारा’ या केंद्र सरकारच्या संस्थेकडे करायची, दवाखान्यातून किंवा ओळखीतून परस्पर मूल आणायचं नाही. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, म्हणून तो विचार असेल तर तोही फार पुढे ढकलू नये.

त्या गटाचं काय झालं ते राहिलं. अध्यक्षताईंनी बैठकीत कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं, नाव न घेता. चर्चा दीड तास चालली. चाळीस हजारांचं कर्ज नामंजूर झालं आणि तीन हजारांचं मंजूर झालं, तपासण्यांसाठी आणि सिव्हिलच्या फेऱ्यांसाठी, व्याज माफ. त्यावर एका सभासदबाईंनी हरकत घेतली की उद्या सगळ्याच व्याज माफ मागतील, आणि ती हरकत वहीत नोंदवलेली आहे. बाईंना थायरॉइड निघाला. गोळी सुरू झाली. मिश्री सुटायला अजून वेळ लागेल असं त्या स्वतःच म्हणतात. नवरा नमुना द्यायला दोन गुरुवार चुकवून तिसऱ्या गुरुवारी गेला. रिपोर्ट आम्ही विचारला नाही.